शालूबाईनं पावर काढली

आंदर मावळात बातमी उठली, की शालूबाईनं सख्ख्या पुतण्याच्या घराची पावर तोडली. बातमी कामशेतच्या बाजारात पोचेस्तोवर शालूबाई खांबावर चढून वायर कापून आली होती. गुडघ्यांमुळं जिला ओटा चढवत नाही, ती म्हातारी खांबावर.

खरं एवढंच, की तिनं कुलमुखत्यारपत्र रद्द केलं होतं. हा शब्द गावात कुणाच्या तोंडात मावत नाही, म्हणून सगळे 'पावर' म्हणतात. तलाठ्याकडं खेटे घालणं होईना, म्हणून जमिनीच्या कामांची पावर तिनं पुतण्याला, कैलासला दिली होती. मग एका सकाळी ओढ्याकाठच्या भातखाचरात दोन माणसं टेप धरून उभी दिसली.

"काय मोजताय रं?"

"बंगल्याचा प्लॉट, मावशी. मालकांनी सांगितलंय."

"कंचे मालक?"

"कैलासशेठ."

नवरा गेल्यावर ते खाचर शालूबाईनं एकटीनं कसलं होतं. तिनं पदर खोचला, वडगावच्या वकिलाकडून रद्दलेख लिहून घेतला आणि ठेवणीतलं लुगडं नेसून नोंदणीला गेली. कचेरीत कैलास आधीच हजर. नाकातला आवाज लांबवत, डोळे पुसत म्हणाला, "काऽकी, माज्यावर इश्वास न्हाई व्हय?"

"इश्वास हाय की. पावर न्हाई."

साहेबांनी विचारलं, "आजी, स्वखुशीनं करताय ना?"

"खुशी कशाची आलीय? पर शुद्धीत हाय. लिवा."

आणि अंगठा असा दाबला, की टेबल हाललं.

पेपरात जाहीर नोटीस आली, तेव्हा ती तिनं अंगणात मोठ्यानं वाचून घेतली, कैलासच्या ओट्यापर्यंत जाईल अशी. टेपवाले परत फिरकले नाहीत. कैलास मान खाली घालून जाताना दिसला, तर तिनंच हाक मारली, "जेवून जा. भाकरीची पावर कुनी काडली न्हाई तुजी."

नात कोमल, म्हणजे हे लिहिणारी, कचेरीत जाताना जीपमध्ये आजीशी पैज लावून बसली होती, की कैलासकाका रडला की आजी विरघळणार. हरेल त्यानं ओढ्याकाठचं खाचर लावायचं.

यंदा ते अख्खं खाचर कोमलनं एकटीनं लावलं. कंबर धरून जरा सरळ झाली, तर बांधावरून आजी म्हणाली, "उबी ऱ्हाऊ नगंस. रोपं सुकत्यात."