बैलाचा चौथा पाय

पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे जळतन. कापूस वेचून झाला की कपाशीची वाळलेली झाडं उपटायची, मोळ्या बांधायच्या आणि चुलीत घालायची. तिचा बैल करणार, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा कुणीच विरोध केला नाही, कारण कुणी ते मनावरच घेतलं नाही.

यवतमाळच्या प्रदर्शनात माझं काम पहिल्यांदाच लागणार होतं. तिथल्या नियमाप्रमाणे विकत आणलेलं काही चालणार नव्हतं. त्यामुळे खिळे, तार बाद. सगळं जुन्या लुगड्यांच्या पट्ट्यांनी बांधलं. वशिंडात दिग्रसच्या जिनिंग गिरणीतला झाडलोटीचा कापूस भरला, अंबाडीच्या वाखाची शेपटी केली. धड तयार झालं. चार पाय तेवढे वेगळे बांधून मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवले. तिथेच पाणी तापवायची चूल आहे, हे माझ्या कलाकार डोक्यात आलं नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी पाहते तर पाय तीनच. चौथा हंड्याखाली झकास पेटला होता.

"मोळी बांधून ठेवली तं मले वाटलं जळतन हाय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पाय होय म्हून मले सांगतलं कोनं?"

मी अशी भडकले की त्या गरम पाण्याने आंघोळ करायचीच नाही, असं ठरवून टाकलं आणि थंड पाण्याने कुडकुडत केली. नुकसान माझंच झालं. बाहेर आले तर सासूबाई पऱ्हाटी घेऊन बसलेल्या. मग मी मापं सांगितली, त्यांनी आवळून बांधलं. तो पाय बाकीच्यांपेक्षा जरा जाडच झाला, पण बैल उभा राहिला. प्रदर्शनात सासूबाई दिवसभर त्याच्याजवळ उभ्या होत्या आणि येईल त्याला आधीचा चौथा पाय कसा जाळला ते रंगवून सांगत होत्या. बैलापेक्षा गर्दी त्यांच्याभोवतीच जास्त. मला थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

यंदा पऱ्हाटी उपटून आली तेव्हा त्यांनी काही वाकड्या काड्या बाजूला काढून ठेवल्या. मला वाटलं, असतील कशाला तरी. परवा शेजारची बाई थोडं जळतन मागायला आली आणि तिने नेमका त्याच काड्यांना हात घातला. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, आणि हातातली पोळी तशीच ठेवून मी ऐकत राहिले.

"ते नको नेऊ व माय. ते जळतन नाय, बैल हाय."