फाटकाजवळचा कडुनिंब

अमरावतीच्या आमच्या सरकारी हायस्कुलात उशिरा येणाऱ्यानं फाटकाजवळच्या कडुनिंबाला बादलीभर पाणी घालायचं, ही जुनी प्रथा. स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहायचं काम माजी विद्यार्थी म्हणून माझ्याकडे आलं, तेव्हा मी पहिल्या मुख्याध्यापकांच्या वृक्षप्रेमावर दोन पानं खरडली आणि मोठ्या तोऱ्यात म्हाताऱ्या शिपायाला वाचून दाखवली. निवृत्तीनंतरही तो रोज त्याच झाडाखाली येऊन बसतो. बोलण्याआधी टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची त्याची सवय. तशी ती ठेवून तो म्हणाला, "कायचं वृक्षप्रेम जी! तुमी रोज उशिरा येत होते. हेडमास्तर छडीनं मारतीन, म्हणून मी तुमच्या हाती बादली देत होतो. त्यायले सांगत होतो, पोरगं झाडाले पानी देऊन राह्यलं. तवापासून ही रीत पडली."

म्हणजे या थोर परंपरेचा जनक मी, आळसासकट! ती पानं फाडून खरी हकिगत लिहिली आणि प्रेसमध्ये देऊन आलो. घरी आल्यावर लक्षात आलं, सगळीकडे नुसतं 'शिपाई' लिहिलंय. नाव विचारलंच नव्हतं. फोन केला, तर छपाई झालेली. नेहमीसारखाच मला उशीर झाला होता, आणि या वेळी हाती बादली द्यायला फाटकावर कोणी नव्हतं.