नोराची खडीची धावपट्टी

आयर्लंडमधल्या स्लायगोच्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट असलेली पद्मजा विमान चालवते, हे तिच्या वॉर्डात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. तिने लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

ती मूळची नाशिकजवळच्या ओझरची. वडील तिथल्या विमान कारखान्यात फिटर होते, पण घरात विमानाचं कौतुक कधी झालं नाही. वडिलांच्या लेखी ती नोकरी होती. आयर्लंडला आल्यावर, लेक कॉलेजसाठी लिमरिकला गेली आणि घर एकदम मोठं वाटू लागलं, तेव्हा पद्मजाने स्ट्रँडहिलच्या फ्लाइंग क्लबात नाव घातलं. नवरा देवदत्त डब्लिनच्या एका कंपनीचं काम घरून करायचा. "या वयात लोक योगा करतात गं," तो म्हणाला. पहिल्या दिवशी तिला क्लबात सोडायला मात्र तोच गेला. लायसन्स मिळेपर्यंत काही वर्षं गेली. त्यातला बराच काळ ढग हटायची वाट बघण्यात गेला.

नोरा तिच्याकडे पेशंट म्हणून आली. ऐंशीच्या घरातली, खुब्याचं ऑपरेशन झालेली बाई. इनिशदारा नावाच्या लहानशा बेटावर एकटी राहायची. 'पद्मजा' तिच्या जिभेवर बसेना, म्हणून तिने सरळ 'पॅडी' करून टाकलं, आणि हे तर आयरिश पुरुषाचं नाव म्हणून सगळा वॉर्ड हसला. घरी जायची वेळ आली तेव्हा नोरा बोटीचं नाव काढू देईना. लाटांवर आपटणाऱ्या बोटीत नवा खुबा घेऊन बसायची तिची तयारी नव्हती.

"आमच्याकडे धावपट्टी आहे," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याने घातलेली. खडीची. डॉक्टरांचं विमान उतरावं म्हणून. हल्ली कुणी येत नाही."

पद्मजा शांतपणे म्हणाली, "मी विमान चालवते."

नोराने तिच्याकडे नीट पाहिलं. "मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

पद्मजा आधी सुट्टी काढून बोटीने बेटावर गेली आणि ती धावपट्टी पायी चालून आली. दलदलीवर दाबून बसवलेली खडी, मधे कुठे कुठे उगवलेलं गवत, एका टोकाला दगडी बांध, दुसऱ्या टोकाला समुद्र. मोठे दगड तिने उचलून बाजूला टाकले. नोराच्या पुतण्याने मेंढ्या हाकलायचं कबूल केलं.

ऑक्टोबरातल्या एका स्वच्छ सकाळी ती नोराला शेजारी बसवून निघाली. काठी मागच्या सीटवर. किनारा मागे पडला, बेट दिसू लागलं, तसं नोराने काचेवर बोट ठेवलं. "ते माझं धुराडं."

बांधाच्या अलीकडे विमान बरंच खाली आलं होतं, तेवढ्यात वारा फिरला. कापडी वारादर्शक एकदम आडवा झाला, डावा पंख उचलला गेला आणि खडीची पट्टी समोरून बाजूला सरकली. पद्मजाने इंजिनाला पूर्ण ताकद दिली आणि विमान पुन्हा वर घेतलं. फेरी मारून ती परत आली. याही वेळी बांधाजवळ तेच झालं.

"आणखी एकदा कर," नोरा म्हणाली.

"नाही. परत जायचं."

"डॉक्टर याहून वाईट वाऱ्यात उतरायचे."

पद्मजाने विमान किनाऱ्याकडे वळवलं. नोरा मान वळवून घराकडे बघत राहिली. स्ट्रँडहिलला उतरल्यावर तिने काठी स्वतःच ओढून घेतली.

नोरा पुढच्या आठवड्यात बोटीनेच गेली. 'पॅडीची हिंमत खचली' असं बेटावर बोललं जातंय, हे वॉर्डातल्या एका पोर्टरने हसत हसत पद्मजाला सांगितलं.

"तू केलंस ते बरोबरच होतं," देवदत्त म्हणाला.

"ते मला माहितीये रे. तरी लागलं."

हिवाळा गेला. मे महिन्यात एका रविवारी नोराचा फोन आला. "वारा नाहीये. मेंढ्या बाजूला केल्यात. यायचं असेल तर ये."

पद्मजा एकटीच गेली. बांध ओलांडला, चाकं खडीला लागली आणि विमानाच्या पोटावर दगड गारांसारखे वाजू लागले. तिने पुढचं चाक जमेल तितका वेळ वर धरलं, ब्रेक हलकेच लावले. समुद्र बराच लांब असतानाच विमान थांबलं.

नोरा काठी टेकत आली. "उशीर केलास."

"जिन्याचा व्यायाम करता का?"

"नाही."

पद्मजाने तिला तिथल्या तिथे चालून दाखवायला लावलं. मग दोघी घरात गेल्या. चहा, गरम स्कोन, लोणी. नोराने बराच वेळ कपात चमचा फिरवला.

"डॉक्टर एकदा परत फिरले होते," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या छातीत दुखत होतं. मी दारात उभी होते. विमान खाली आलं आणि पुन्हा वर गेलं. बोट येईपर्यंत तो गेला होता. त्या डॉक्टरांशी मी पुढे कधी बोलले नाही. ते समोरून आले तर रस्ता बदलायची. आता तेही नाहीत."

पद्मजाने हातातला स्कोन बशीत ठेवला.

"मी ते परत फिरणं नेहमी खालून पाहिलं होतं, पॅडी. तुझ्या शेजारी बसले तेव्हा पहिल्यांदा वरून पाहिलं."

पद्मजाने आणखी थोडा चहा मागितला. तो ओतून नोरा म्हणाली, "ठीक आहे. आता हा गुडघा बघ जरा, हाही दुखतोय."

परतल्यावर विमानाच्या पंख्याच्या पात्यावर खडीने पडलेली खाच सापडली. क्लबच्या मेकॅनिकने ती घासून गुळगुळीत केली आणि विमान खडीवर उभं असताना इंजिन फार फिरवायचं नाही, अशी तंबी दिली.

तेव्हापासून हवा बरी असेल तेव्हा पद्मजा बेटावर जाते. नोराची औषधं नेते, व्यायाम करून घेते, भांडते. यंदा वाऱ्यामुळे तिला दोनदा परत फिरावं लागलं. दोन्ही वेळा थोड्या वेळाने नोराचा फोन आला, नीट पोचलीस ना, एवढंच विचारणारा. देवदत्त अजून त्या विमानात बसलेला नाही. उन्हाळ्यात तो बोटीने बेटावर येतो, वाटेत त्याला उलट्या होतात, आणि तरी बोटच बरी, असं तो म्हणतो.