मोहोपाड्यातले आमिश

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. सिंकमधल्या भांड्यांसारखे ते आपोआप साचतात, निदान आमच्या मोहोपाड्याच्या कॉलनीत तरी!

सुरुवात माझ्यापासून झाली. माझी तीन वर्षांची ईरा मोबाइलवर कार्टून लागल्याशिवाय तोंड उघडत नाही. "जेवताना स्क्रीन बंद म्हणजे बंद," डॉक्टर रागावले. मी घाबरून वाचत सुटले (मोबाइलवरच!) आणि अमेरिकेतले आमिश लोक सापडले. घरात टीव्ही नाही, दारात घोडागाडी. देवासमोर साधं राहायचं, आणि नवं यंत्र घ्यायचं की नाही ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. आम्ही कॉलनीतल्या मैत्रिणींनीही मिळून ठरवलं, महिनाभर आपण आमिश!

सासूबाई म्हणाल्या, "वीज नाय, टीव्ही नाय, बैलगाडी हाय... अगं, आमी कळंबला तसंच रायचो. आमाला बघायला कोण आलं नाय ते!"

*

साधं राहण्यासाठी मी ऑनलाइन दोन साधे ड्रेस मागवले. नवऱ्याने पार्सल उघडून पाहिलं. "तुझे जुने जास्त साधे नव्हते का?"

*

आमिशांचा फोन घरात नसतो, लांब एका खोपटात असतो. आमचं खोपट म्हणजे वॉचमनकाकांची केबिन. संध्याकाळी घरातले सगळे फोन तिथे जमा. थोड्याच दिवसांत सगळे नवरे जेवण उरकून केबिनपुढे! काका हात जोडून म्हणाले, "ताई, गेटवर येवढी गर्दी गणपतीत पण नसते."

*

त्यांच्यात नियम मोडून जो माफी मागत नाही, त्याच्या पंगतीला कुणी बसत नाही. आमच्या शबनमने चोरून मॅचचा स्कोअर पाहिला, वर "पाहिला तर पाहिला!" म्हणाली. झालं, बहिष्कार! तिने शांतपणे बिर्याणीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. "बरं गं. मंग मी एकटीच खाते."

ताटं आणायला सगळ्यात आधी मीच धावले.

*

इकडे ईराचं काही खरं नव्हतं. फोन नाही तर घास नाही. तिची हाडं दिसायला लागलीत असं मला उगाच वाटायचं. आज नाही जेवली तर फोन परत द्यायचा, असं मनाशी पक्कं केलं होतं.

आमिश मुलींच्या बाहुल्यांना चेहरा नसतो. देवाने घडवलेल्या रूपाची नक्कल माणसाने करू नये म्हणून, असं म्हणतात. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची तशीच एक बाहुली शिवली. ती ईराच्या मांडीवर ठेवून मी वरणभाताचा घास पुढे केला.

"एक बाहुलीला, एक तुला, हं?"

ईराने बाहुली उलटसुलट करून पाहिली. "आजी, हिला तोंडच नाय!"

"नाय गं बाय."

"मग ही जेवणार कशी?"



ईराने माझा हात ओढला आणि घास स्वतःच्या तोंडात घातला. "हिचं पण मीच खाते," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "नायतर हिची आई रडत बसेल."