निखिलच्या नावावरची सतरा पुस्तकं

हसायचं नाही, हे आधी कबूल करा. चहा गार झाला तरी चालेल, पण मधेच "अगं सुनंदा, तू पण ना" असं म्हणायचं नाही. त्या आठ दिवसांत माझं किती रक्त आटलं ते मलाच ठाऊक. माझ्या भाचीचं लग्न माझ्याच हातून मोडता मोडता राहिलं.

तुम्हाला माहितीच आहे, मी जळगावला शाळेच्या ऑफिसात क्लार्क. दिवसभर दाखले आणि हजेरीपत्रकं, आणि घरी आलं की कादंबरी. कादंबरी म्हणजे प्रेमाची, हल्लीची. त्यात नायिका नोकरी करते, स्वतःचा फ्लॅट घेते आणि नायक नेमका समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला येतो. मला आवडतात. त्यात लाजायचं काय? पण माझी मतं कडक आहेत बरं. दोघांचा काहीतरी गैरसमज होतो आणि तो दीडशे पानं मिटत नाही, हे मला अजिबात सहन होत नाही. अरे, खिशात फोन आहे ना? लाव की फोन. विचार, ती बाई कोण होती? तो म्हणेल, माझी बहीण. संपला विषय. पण नाही, ही आपली खिडकीत बसून रडणार.

म्हणून मधल्या काळात मी रहस्य असलेल्या प्रेमकथांकडे वळले. त्यात निदान काहीतरी घडतं. आणि तिथला माझा नियम पक्का आहे. पहिल्या वीस पानांत जो माणूस सगळ्यांना आवडतो, तोच शेवटी सुरी घेऊन दारात उभा असतो. तुसडा, दाढीवाला, कपाळावर व्रण असलेला, तो निर्दोष. जो पाहुण्यांना पाणी आणून देतो, म्हाताऱ्यांची विचारपूस करतो, त्याच्यावर नजर ठेवायची. आजवर माझा अंदाज एकदाही चुकलेला नाही. कादंबरीत.

तर माझी भाची प्रज्ञा. नशिराबादला माझी थोरली बहीण राहते, अक्का, तिची ही एकुलती एक. फार्मसी शिकली, जळगावला औषधांच्या दुकानात नोकरीला जाते. भाऊजी गेल्यापासून तिच्या बाबतीतलं मोठेपण आमच्या ह्यांच्याकडे आलं. हे म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. सगळा मोहल्ला त्यांना सर म्हणतो, म्हणून मीही सरच म्हणते. बोलणं कमी, शिस्त जास्त.

शिरपूरचं स्थळ आलं. मुलगा निखिल, तिकडे कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत सहायक. बघायच्या दिवशी प्रज्ञा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तर हा उठला, तिच्या हातातून ट्रे घेतला आणि सगळ्यांना स्वतः चहा दिला. अक्काचे डोळे भरून आले. प्रज्ञा कानापर्यंत लाल झाली. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. इतका चांगला? आणि पहिल्याच भेटीत?

दोघांची पसंती झाली. प्रज्ञा त्याच्याशी रोज फोनवर बोलायला लागली, एकटीच हसायला लागली. पण आपल्याकडे चौकशी केल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. मला शाळेच्या कामासाठी शिरपूरला जायचंच होतं. अक्का म्हणाली, जाता जाता चार घरी विचार, म्हणजे मी सुखाने झोपेन.

मी विचारलं. किराणा दुकानात विचारलं, शिंप्याकडे विचारलं, त्यांच्या गल्लीतल्या दोन बायकांना विचारलं, विहाराबाहेर बसलेल्या आबांना विचारलं. सगळे एका सुरात म्हणाले, मुलगा लाखात एक. आता तुम्हीच सांगा, हे बरोबर आहे का? आपल्याकडे कुणाबद्दलही चार घरी विचारलं की एका घरी तरी नाक मुरडतातच. इथे एकही नाक हललं नाही.

शेवटी मी गावातल्या वाचनालयात गेले. म्हटलं, माणूस कसा आहे ते शेजाऱ्यांपेक्षा त्याची पुस्तकं खरं सांगतील. तिथले ग्रंथपाल म्हणजे एक वयस्कर नाना, अगदी प्रेमळ. निखिलचं नाव काढताच खुलले.

"पोऱ्या सोनं शे," त्यांच्या अहिराणीत म्हणाले, आणि कौतुकाने त्याचं कार्ड माझ्यापुढे ठेवलं.

वर्षभरात सतरा पुस्तकं. मी वरून वाचत खाली आले. 'तिसरी बायको'. 'नवरा घरीच होता'. 'विहिरीतलं मंगळसूत्र'. अहो, सतराच्या सतरा माझी वाचलेली. सतराच्या सतरा पुस्तकांत नवरा बायकोला मारतो, नाहीतर मारायला निघतो! लग्नाळू मुलगा, केमिस्ट्रीची प्रयोगशाळा हाताशी, आणि वर्षभर हा अभ्यास.

'विहिरीतलं मंगळसूत्र' नुकतंच परत आलेलं, टेबलावरच होतं. मी उघडलं. त्यात नवरा आधी बायकोला विषारी काढा देतो, ती वाचते, मग तो तिला विहिरीत ढकलतो. काढ्याच्या पानावर समासात पेन्सिलने लिहिलं होतं, 'एवढ्याशा काढ्याने काय होतंय? दुप्पट द्यायला हवा होता.' पुढे विहिरीच्या पानावर, 'पाणी किती आहे ते आधी बघायला नको? मूर्ख.'

माझे डोळेच फिरले. नानांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी कसंबसं विचारलं, ही पुस्तकं निखिल स्वतःच नेतो का?

"दर शनवारले येस," नाना म्हणाले. "बठ्ठा पुस्तकं तोच लई जास." म्हणजे सगळी पुस्तकं तोच घेऊन जातो.

मी त्यांचं लक्ष नसताना फोटो काढले आणि पहिली मिळेल ती एसटी पकडली. चोपड्यापर्यंत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पण मला प्रत्येक शेतात फक्त विहिरीच दिसत होत्या. अक्काला फोन लावला आणि म्हटलं, काही विचारू नकोस, पण तारीख धरू नकोस.

झालं! मी येऊन सगळं सांगितलं आणि घरात सुतकी कळा आली. अक्काचं बीपी वाढलं. प्रज्ञा दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मावशी, मला तो आवडलाय," ती म्हणाली. "तूच म्हणतेस ना, एका फोनचं काम असतं? मग मी त्याला सरळ विचारते."

"मुळीच नाही," मी म्हटलं. "ते साध्या प्रेमकथेत. रहस्यकथेत खुन्याला आधी सावध करायचं नसतं."

ती तरातरा आत गेली. मला वाईट वाटलं नाही असं समजू नका. तिला लहानाची मोठी मीच केली म्हटलं तरी चालेल. रात्रंदिवस एकच विचार, मी गप्प बसले आणि उद्या काही झालं तर? आणि बोलले आणि काहीच नसलं तर? सरांना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिले आणि म्हणाले, वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये. एवढंच! गणितवाल्यांना माणसाच्या जिवाची काही कल्पना असते का?

रविवारी, आधीच ठरल्याप्रमाणे, शिरपूरची मंडळी तारीख ठरवायला नशिराबादला आली. निखिल, त्याचे वडील आणि आई शालिनीताई. शालिनीताईंना गुडघ्यांचा त्रास, ओट्याच्या तीन पायऱ्या त्या मुलाचा हात धरून चढल्या. बसल्या त्या प्रज्ञाला चिकटून, आणि अधूनमधून सरांकडे चोरून बघायला लागल्या. मी माझ्याच काळजीत, मला त्याचं काही वाटलं नाही.

पोहे झाले. अक्काने मला खुणेने विचारलं, आता? मी फोन पुढे ठेवला, समासातली दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचली आणि निखिलला विचारलं, "हे तुम्ही का लिहिलंत, ते या घरातल्या मोठ्यांना सांगा."

निखिलने फोटो पाहिला. मग आईकडे पाहिलं.

"आई, सांगू?"

शालिनीताईंनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "हे तर माझंच अक्षर आहे," त्या म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. वाचनालय वरच्या मजल्यावर, यांना जिना चढवत नाही. कार्ड निखिलच्या शाळेपासून त्याच्या नावावर, तेच चालू. पोरगा दर शनिवारी आईसाठी पुस्तकं आणतो आणि पोचवतो. त्याने स्वतः त्यातलं एक पान उघडलेलं नाही. प्रज्ञाने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, ती विहीर कुठे जवळपास असेल तर मीच उडी मारावी.

मी तिथेच हात जोडून गप्प बसायला हवं होतं की नाही? पण तोंड! ते ऐकेल तर ना.

"पण तुमचं मत चुकलंय," मी म्हटलं. "त्या विहिरीत पाणी नव्हतंच. सुरुवातीलाच लिहिलंय, दुष्काळात आटली म्हणून."

"मग मंगळसूत्राला शेवाळ कसं लागलं?" शालिनीताई सरसावून बसल्या. "कोरड्या विहिरीत शेवाळ येतं?"

आमचं दहा मिनिटं चाललं. शेवटी अक्का रडकुंडीला येऊन म्हणाली, "बायांनो, माझ्या पोरीचं काय ते बोला." तेव्हा मी भानावर आले. शालिनीताईंचे हात धरले, चुकले म्हटलं, निखिलचीही माफी मागितली. तो बिचारा म्हणाला, मावशी, काळजीपोटीच केलंत ना. मला वाटलं, सुटले.

पण शालिनीताई घुटमळल्या. नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आमच्याही मनात एक आहे. बोलणार नव्हतो, पण आता विषय निघालाच आहे. चौकशी आम्हीही केली. मी पडले वाचणारी, म्हणून तुमच्या जळगावच्या वाचनालयातच माणूस पाठवला, सरांबद्दल विचारायला. मुलीला वडील नाहीत, सगळं यांच्या शब्दावर चालतं, म्हणून."

सर बिस्कीट चहात बुडवत होते.

"तिथल्या बाईंनी सांगितलं, सर नऊ वर्षं फक्त प्रेमकथा वाचतात. स्वतः येत नाहीत, बायकोला पाठवतात. आणि समासात काय काय लिहितात! 'दोनशे पानं झाली, अजून हात धरला नाही, मेलाय की काय?' एवढ्या वयाचा माणूस, शिक्षक राहिलेला. जरा धाकधूक वाटली हो."

सरांचं बिस्कीट चहात पडलं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? कार्ड सरांच्या नावावर. पण नऊ वर्षांपूर्वी त्या वाचनालयातल्या बाईंनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचं चित्र बघून भुवया उंचावल्या, तेव्हा मीच म्हणाले होते, "आमच्या सरांना लागतात हो, मी आपली हमाल." शाळेत मुलींच्या दप्तरातून असली पुस्तकं काढून घेणारी मी, मी कशी म्हणणार की माझी आहेत? आणि एकदा म्हटल्यावर बदलणार कसं?

प्रज्ञाचा चेहरा पांढराफटक. सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "हो. मीच वाचतो. विरंगुळा म्हणून."

अहो, तीस वर्षांच्या संसारात मला या माणसाबद्दल इतकं प्रेम कधी वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. शालिनीताईंचाही चेहरा सैल पडला. वाचणाऱ्या माणसाला वाचणारा भेटला की कसं होतं! त्या उत्साहाने म्हणाल्या, "मग ती विमानतळावरच्या माफीची कादंबरी वाचली असेल. शेवट कसा वाटला?"

सरांनी विचार केला. "छान होता," म्हणाले. "शेवटी लग्न झालं."

"छान?" मी ओरडले. "तीनशे पानं तिला रडवलं, आणि शेवटच्या पानावर विमानतळावर गुडघे टेकले की झालं? त्यात काय छान? स्पष्ट लिहिलंय मी तिथे, याच्या तोंडावर दार आपट म्हणून!"

बोलले आणि जीभ चावली.

पहिला निखिल हसला. मग त्याचे वडील, मग अक्का डोळे पुसत पुसत, आणि सगळ्यात शेवटी प्रज्ञा. आठ दिवसांनी हसली ती. शालिनीताईंनी तिला जवळ घेतलं, म्हणाल्या, "घर चांगलं आहे गं तुमचं, फक्त मावशीला जरा जपा." मेमधली तारीख तिथेच ठरली.

परत निघालो. मी स्कूटरवर सरांच्या मागे. हायवेला लागलो, जळगाव जवळ आलं, तरी सर काही बोलेनात. शेवटी गावात शिरताना सिग्नलला थांबलो, तेव्हा मान न वळवता म्हणाले,

"त्या वाचनालयातल्या बाई रस्त्यात मी दिसलो की पदर सावरून पलीकडच्या बाजूला का जातात, ते मला नऊ वर्षांनी आज कळलं."