दादरा बांधलेली रम

माझ्या माहेरी पिठाच्या डब्यामागे रमच्या अकरा बाटल्या होत्या आणि घरात पिणारं कुणीच नव्हतं. माहेर म्हणजे रहिमतपूरजवळचं एक गाव आणि घरात एकटी माझी आई. सत्तरी ओलांडलेली, जन्मात दारूला न शिवलेली. वडील, म्हणजे आमचे आबा, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. ते गेल्यावर लष्करी कॅन्टीनचं कार्ड आईच्या नावावर झालं. तेव्हापासून ही बाई दर महिन्याला एसटीने साताऱ्याला जायची, डोक्यावर पदर घेऊन रांगेत उभी राहायची आणि साबण, चहापत्ती, खोबरेल तेल आणि एक बाटली रम घेऊन घरी यायची.

मी सांगलीला असते, शाळेत विज्ञान शिकवते. शनिवारी शाळा सुटली की गावाकडची एसटी धरते. अशाच एका शनिवारी पीठ काढायला गेले तर या अकराजणी ओळीने उभ्या. मी ओरडलेच.

"आई, हे काय?"

"कोटा हाय."

"पण पिणार कोण?"

"हक्काचं हाय. सोडायचं न्हाई."

हे वाक्य आबांचं. ते हयात असताना याच वाक्यावर ती त्यांना सकाळ-संध्याकाळ सोलून काढायची. गावातल्या एकदोघांना बाटल्यांची कुणकुण लागली होती. "आवं मावशी, तुमाला काय उपेग? एक द्या की," म्हणत ते ओसरीवर टेकायचे. "तुझ्यासाठी रांगेत उभी ऱ्हायली व्हय रं मी?" म्हणून ती त्यांना वाटेला लावायची. कुणाला द्यायची नाही, ओतायची नाही, आणि का आणते तेही सांगायची नाही.

आबांचा पेग ही आमच्या घरची ठरलेली गोष्ट होती. दिवेलागण झाली की ते ओसरीवरच्या काळ्या ट्रंकेपाशी बसायचे. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर लिहिलेला. बाटली त्या ट्रंकेत राहायची, कारण ती उंबरठा ओलांडून आत यायची नाही असा आईचा कायदा होता. एकच पेग, पाणी घालून, हळूहळू. मग पेला विसळायचा, शर्टाच्या खिशातून लिमलेटची गोळी काढायची, एक स्वतःच्या तोंडात, एक माझ्या हातात. गोळी विरघळेपर्यंत अंगणात चार फेऱ्या मारायच्या आणि मग साळसूदपणे जेवायला आत यायचं. गोळी खाल्ल्यावर कुणाला काही कळत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. आईला कळायचं, मला कळायचं, शेजारच्या म्हशीलाही कळत असावं. वरून संत्र्याच्या गोळीचा आणि खालून रमचा, असा तो वास. कितीतरी वर्षं मला वाटायचं, सगळ्यांच्या बापांना असाच वास येतो.

शेवटच्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. पाय सुजायचे. डॉक्टरांनी रम बंद केली आणि आईने ट्रंकेला कुलूप घातलं. आठ महिने त्यांनी निमूटपणे काढले. मग एका शुक्रवारी त्यांनी आईकडे बूचभर मागितली, बाटलीच्या झाकणात मावेल तेवढीच. आईने दिली नाही. शनिवारी मी आले. आई गिरणीत गेली होती. आबांनी ट्रंकेकडे बघितलं, मग माझ्याकडे. किल्ली हळदीच्या डब्यामागे असते हे मला ठाऊक होतं. मी त्यांना बूचभर दिली. मंगळवारी ते गेले.

एका बुचाने माणूस मरत नाही, हे मी सातवीच्या पोरांनाही पटवून देईन. पण कळतं पण वळत नाही म्हणतात तसं माझं झालं. वर्षभर हे मी कुणाशी बोलले नाही, आईशी तर नाहीच. तिने नाही म्हटलेलं मी तिच्या पाठीमागे केलं होतं आणि चौथ्या दिवशी तिचं कुंकू गेलं होतं. दर शनिवारी मी एसटीत बसताना ठरवायची की आज सांगायचं, आणि दर रविवारी तशीच परत जायची.

तर त्या अकरा बाटल्या. मी मोबाइलवर कुठल्याशा बाईचा व्हिडिओ बघितला होता. बरणीत दारू ओतायची, गोळ्या टाकायच्या, झाकण घट्ट लावायचं, रोज हलवायचं, की आठवड्यात गोड मद्य तयार. मी आईला म्हटलं, "वर्षश्राद्धाला तीनेक आठवडे आहेत. आबांची रम आणि आबांच्या गोळ्या. करून बघायचं का?"

मला वाटलं, लाटणं फेकून मारेल. पण ती बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "गोळ्या स्टँडाजवळच्या दुकानातल्या आण. सुट्ट्या. संत्र्याच्या फोडीगत असत्यात त्या. कागदातल्या नगंत."

शेवटी ती स्वतःच माझ्याबरोबर आली. दुकानदाराने काचेची बरणी तिरकी करताच तिने हात घालून फक्त नारिंगी गोळ्या वेचायला सुरुवात केली. लाल नको, हिरवी तर अजिबात नको.

"नातवंडं आल्यात व्हय?" दुकानदाराने विचारलं.

"व्हय," आई म्हणाली. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. माझा एकुलता एक मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि त्याला दाढी आहे.

घरी आल्यावर मी पिठाच्या डब्यामागची एक बाटली काढली. या बाटल्या आत कशा काय चालतात, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण मी गिळलं. आईने लोणच्याची मोठी काचेची बरणी उन्हात तापवून, कोरड्या फडक्याने पुसून ठेवलीच होती. मी रम ओतली. तिने दोन ओंजळी गोळ्या एकेक करून सोडल्या. गोळ्यांवरची साखर आधी सुटली, बुडबुडे आले आणि गोळ्या तळाशी गेल्या. वास वर आला तशी आई परसात निघून गेली. परत आली तेव्हा तिने तोंड धुतलेलं होतं. मी काही विचारलं नाही. आमच्या घरी रडण्याबद्दल विचारायची पद्धत नाही.

"झाकण घट्ट लाव," मी निघताना बजावलं. "आणि रोज हलव."

"मला नगं शिकवूस. तुझ्या जन्माच्या आदीपासनं बरण्या भरतिया मी."

पुढचे दोन आठवडे मला यायला जमलं नाही. परीक्षांचे पेपर तपासायचे होते आणि मी रोज फोनवर विचारत होते. "लय झ्याक चाललंय," एवढाच रिपोर्ट. तिसऱ्या शनिवारी, वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी, मी पोचले आणि थेट गच्चीवर गेले. एप्रिलचं ऊन. एका बाजूला कुरडया, एका बाजूला सांडगे, आणि मधोमध पाटावर ती बरणी. तिच्या तोंडावर मलमलचा पांढरा दादरा बांधलेला, लोणच्याच्या बरणीला बांधतात तसा, सुतळीचे तीन वेढे देऊन.

मी खाली ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले. "झाकण कुठाय?"

"झाकण लावल्यावर बुरा येतो," आई जिना चढत म्हणाली. "मुरायला ऊन लागतं आन् वारा लागतो. दोन वेळा डावानं हलवलंय, कोरड्या डावानं."

बरणीत निम्मंच उरलं होतं. काकवीसारखं दाट, तपकिरी, चमकणारं. मी डावातून थेंब हातावर घेऊन चाटला. संत्र्याची गोळी, मागे रमचा नुसता वास. घशात काही लागत नव्हतं. रम जाऊन पाक राहिला होता. बाष्पीभवन हा धडा मी गेली बावीस वर्षं शिकवते आहे. फळ्यावर बाण काढून शिकवते. आणि माझ्याच आईने, माझ्याच डोळ्यांआड, एक अख्खी बाटली उन्हात वाळवली होती. मला इतका राग आला की मी मटकन सांडग्यांच्या शेजारी बसले आणि मग मला हसू फुटलं.

"काय झालं गं? बिघडलं?"

"दारू उडाली, आई."

"कुठं?"

"हवेत. वर गेली सगळी."

आईने वर बघितलं. स्वच्छ, पांढरंफटक आभाळ. डोळ्यांवर हात धरून ती म्हणाली, "मग पोचली म्हणायची."

मी हसत होते ती थांबले. तिने दादऱ्याचं फडकं नाकाशी धरलं होतं. "ह्यो त्येंचा वास हाय," ती म्हणाली. "जेवायला बसलं की यायचा. मी तोंड वाकडं करायची. आता घरातनं पार गेलाय बघ. सदऱ्यालाबी ऱ्हायला न्हाई." आणि मग उभ्याउभ्याच, कुरडयांकडे बघत, तिने ते सांगितलं. "शुक्रवारी बूचभर मागितली त्येंनी. मी म्हणलं, आता मेल्यावर प्या. असं म्हणलं मी, ह्या तोंडानं. आन् चार दिसांत... म्हणून आणतिया कोटा. मेल्यावर प्या म्हणलं न्हवं? मग आणाय नगं?"

अकरा बाटल्यांचा हिशोब मला तेव्हा लागला. वर्षभर मी माझ्या एका बुचाच्या भीतीने तोंड मिटून बसले होते आणि इकडे ही बाई दर महिन्याला रांगेत उभी राहून तेच एक वाक्य फेडत होती. मला माझी लाज वाटली. मी म्हटलं, "आई, मी दिली होती."

"काय?"

"बूचभर. शनिवारी. तू गिरणीत गेली होतीस."

मी घाईघाईने पुढे बोलत सुटले, न सांगून काही राहू नये म्हणून. "आणि तू काय म्हणालीस ते त्यांनीच मला सांगितलं. म्हणाले, 'तुझी आई म्हणती, मेल्यावर प्या. तवर धीर कुठला गड्या?' आणि हसले, आई. रागावले नव्हते. मनापासून हसले. 'आईला सांगू नगस,' म्हणाले, 'तिला वाईट वाटंल.' आणि मंगळवारी ते गेले. मला वाटलं, माझ्यामुळेच."

आईने हातातला डाव उचलला आणि माझ्या दंडावर एक ठेवून दिला. बऱ्यापैकी जोरात. "वरीसभर! वरीसभर मूग गिळून बसलीस व्हय गं? बूचभरानं माणसं मरत असती तर त्येंच्या पलटणीत कुणी उरलं असतं का? मास्तरीण झालीस, अक्कल कवा यायची?" डावाचा पाक माझ्या बाहीला चिकटला. तिचा आवाज फुटला होता. मग एकदम हळू आवाजात तिने विचारलं, "हसलं? खरं हसलं?"

"खरं."

"कसं हसलं, करून दाव."

मी करून दाखवलं. त्या दिवसांत त्यांना दम लागायचा, म्हणून ते आवाज न करता, नुसते खांदे हलवून हसायचे. मी खांदे हलवले. आई टक लावून बघत होती. मी थांबले तर म्हणाली, "आणि एकदा." मी पुन्हा हसले. दोघींच्याही डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि शेजारच्या गच्चीवरची बाई वाळवण सोडून आमच्याकडे बघत होती.

"आन् वरनं गोळी दिलीस का?" आईने पदराने नाक पुसत विचारलं.

"दिली."

"कुठली?"

"नारिंगी."

"मग झ्याक," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्ध झालं. पानावर पुरणपोळी, वडे, खीर, भाजी, सगळं वाढून झाल्यावर आई बरणी घेऊन आली. बाटलीचं जुनं बूच तिने घासून लखलखीत केलं होतं. त्यात तो पाक काठोकाठ भरला आणि पानाच्या उजव्या अंगाला ठेवला. भटजींनी वासाने मान वर केली, आईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी ती परत खाली घातली. मग तिने कनवटीची एक नारिंगी गोळी काढून बुचाशेजारी ठेवली.

"प्या आता," ती पानाला म्हणाली. "आन् वरनं गोळी खावा, म्हंजी मला कळायचं न्हाई."