त्याच्या नावाने बोंब

"परत एकदा, काका. उजेड बरोबर नव्हता."

शहापूर-मुरबाडकडच्या जत्रांत, हळदींत, गौरीच्या नाचात हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. सोबत तो हात. डावा पंजा पसरून वर धरलेला, चौकातल्या पोलिसासारखा, आणि उजव्या हातातला कॅमेरा डोळ्याला लावलेला. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, ते चैत्राच्या उन्हातही निघायचं नाही.

नाव लिहीत नाही. जन्मभर त्याने प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकलं, तेवढं पुरे झालं. गावोगावी त्याला ब्लॉगवाले सर म्हणायचे. वाशिंदला कारखान्यात नोकरी. सुट्टी मिळाली की स्कूटरला किक मारायची आणि जिथे ढोल वाजेल तिथे हजर व्हायचं. तेही नेहमी उशिरा. पालखी देवळात परतली, नवरा बोहल्यावरून उतरला, की मग हे महाराज येणार आणि हात वर करणार.

मला तो आवडत नव्हता. आधीच सांगून ठेवते, पुढे तुमचा गैरसमज नको.

पहिल्यांदा पाहिला तो मुरबाडकडच्या एका जत्रेत, बैलबाजारात. दोन माणसांचे हात रुमालाखाली होते. बोटं दाबून भाव ठरत होता, तुम्हाला ती रीत माहीत असेल. सौदा जमला, हात बाहेर आले आणि हा उगवला. "परत एकदा, काका." विकणारा मोठा गुणी माणूस. त्याने हसत हसत हात पुन्हा रुमालाखाली घातला आणि या खेपेला एक बोट जास्त दाबलं. म्हणाला, आता हाच भाव. घेणाऱ्याने आधी बैलाचा कासरा टाकला आणि मग याच्या मागे धावला. जत्रेतल्या घोंगड्यांच्या दुकानांतून पळणारं ते जाकीट मी पोटभर पाहून घेतलं. चार दिवसांनी ब्लॉगवर लेख आला, 'व्यवहारातला प्राचीन विश्वास'.

आटगावच्या एका हळदीत त्याने नवरीचं तोंड धुवायला लावलं, परत हळद लावण्यासाठी. तिथल्या बायकांनी उरलेली हळद त्याला लावली, कॅमेऱ्यालाही लावली. तरी मेल्याचा हात वरच.

आणि लिहायचा काय! 'निसर्गाच्या कुशीत राहणारी साधीभोळी माणसं.' मी त्या कुशीतच जन्मले. तिथे पावसाळ्यात विंचू निघतात आणि उन्हाळ्यात पाण्याला कोसभर चालावं लागतं. साधंभोळं म्हणाल, तर माझ्या अंगणवाडीतली तीन वर्षांची पोरंसुद्धा साधीभोळी नाहीत. पण लोक लेखाखाली हात जोडल्याची चित्रं टाकायचे आणि हा फुगायचा.

इथवर हसण्यावारी होतं. मग तो आमच्या होळीला आला.

आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्यापासून आत आहे, आणि आमचा पाडा गावापासून बाहेर. शेत नाही. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे. पण गावची होळी आमच्या चुलीतल्या विस्तवानेच पेटते. होळीला बा एक दिवस भट्टी सोडतो. मालक कुरकुरतो, बा ऐकत नाही. दिवेलागणीला तो विस्तव खापरात घेतो, वर राख पसरतो आणि अनवाणी निघतो. वेशीपासून होळीच्या माळापर्यंत माणसं दोन्ही अंगांना सरकतात. ज्यांच्या ओटीवर आम्हाला वर्षभर चढता येत नाही, ते त्या दिवशी आम्हाला वाट देतात. बाला जगात दुसरं काही मिळालेलं नाही. एवढा मान मिळालेला आहे.

होळी पेटली की बोंब. आमच्याकडे तोंडावर उलटा हात मारून बोंब दोनच ठिकाणी मारतात, होळीपुढे आणि मढ्यापुढे. होळीपुढची मारायची ती ज्याच्यावर राग असेल त्याच्या नावाने. बा कोणाच्याच नावाने मारत नाही, तो नुसता आगीकडे बघत उभा राहतो.

त्या वर्षी होळी पेटून, नारळ पडून, अर्धी माणसं पोळी खायला घरी गेल्यावर हा पोचला. हात वर केला. "परत एकदा, बाबा. फक्त लावल्यासारखं करा."

बा म्हणाला, "इस्तू एकदाच लावतात. पेटलेल्याला परत काय पेटवाचा?"

हा ऐकतोय कुठला! बाजूला पाटलांचा पुतण्या नवा सदरा घालून उभाच होता. त्याने जळतं लाकूड उचललं, छाती काढली, होळीला टेकवलं. झाला फोटो. लेखात खाली ओळ आली, 'होळी प्रज्वलित करण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या याच घराण्याकडे आहे.' कोणी सांगितलं? पुतण्याने. कोणाला विचारलं? कोणालाच नाही.

पुढल्या होळीला वेशीवर बॅनर लागला. तोच फोटो, तीच ओळ, खाली ब्लॉगचं नाव. बा खापर घेऊन वेशीवर आला तर पुतण्या म्हणाला, "आता नेटवर पण आमचंच नाव हाय, बाबा. तुमी बसा, पोळी खावा."

गावातली जाणती माणसं खाली बघत राहिली. छापलेल्यापुढे काय बोलणार! बा परत फिरला, अंगणात विस्तव ओतला, त्यावर तांब्याभर पाणी टाकलं. जेवला नाही. सकाळी भट्टीवर जाताना एवढंच म्हणाला, "पुढल्या साली नाय येत, पोरी. भट्टीवरच बरा."

मी तडक वाशिंद गाठलं. तिसऱ्या मजल्यावरचं घर, भिंतीवर सगळीकडे आमच्यासारख्यांचे फोटो. दारात मला बघून हा खूश. "या या मॅडम! वाचलात का लेख?"

"सर, आमची होळी कोण पेटवतं?"

"फोटोत आहेत ना, ते पाटील."

"त्यांना तुम्ही पेटवायला लावलंत. तुम्ही आलात तेव्हा होळी पेटून निम्मी झाली होती."

"स्कूटर पंक्चर झाली होती हो."

"मग पंक्चर लिहायचं!"

त्याच्या बायकोने चहा आणला. मी घेतला नाही. बाने विस्तवावर पाणी ओतलं ते सांगितलं, भट्टीवर जाताना काय म्हणाला ते सांगितलं. आवाज माझा मोठाच असतो, खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले. तो जाकिटाच्या खिशाची चेन उघडत होता, लावत होता.

"मी लेख बदलतो," तो म्हणाला.

"बदला. वेशीवरचा बॅनर कोण बदलणार? आणि माझ्या बाला भट्टीवरून कोण आणणार?"

"तुम्ही आणा त्यांना. परत एकदा."

हे ऐकून मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. होळी नव्हती, तरी शिव्या दिल्या.

पुढची होळी आली तेव्हा बाला आणायला मला भट्टीवर दोन खेपा घालाव्या लागल्या. शेवटी आई म्हणाली, "जा रे, नाय तर ही पोर इथंच बसंल." बा आला, पण चुलीपुढे बसून राहिला. खापर हातात घेईना.

आणि तिन्हीसांजेआधी, उन्हं असतानाच, स्कूटर वाजली. जन्मात पहिल्यांदा हा माणूस वेळेवर आला. बाच्या पुढ्यात उभा राहिला, कॅमेरा गळ्यात, हात खाली. म्हणाला, "बाबा, चला. मी पुढे चालतो."

वेशीवर पुतण्या चार मित्र घेऊन उभा. बॅनर नवा कोरा, आदल्या सालापेक्षा मोठा. ब्लॉगवाल्याने तो दोन्ही हातांनी ओढून खाली पाडला आणि जत्रेत बैल पुकारावा तसा ओरडला, "हा फोटो खोटा आहे! मी उशिरा आलो होतो. होळी या बाबांनी लावली होती. मी नंतर नाटक करून घेतलं!"

"सर, तुमीच लिवलंत ना?"

"मीच लिहिलं. खोटं लिहिलं."

मग धक्काबुक्की झाली. जाकीट फाटलं. कॅमेरा दगडावर पडला, त्याची काच फुटली. तेवढ्यात पुतण्याची चुलती, थोरली पाटलीणबाई, गर्दीतून पुढे आली. पुतण्याच्या दंडाला धरून म्हणाली, "माझ्या लग्नापासनं बघतंय, इस्तू खालच्या पाड्यावरनंच येतो. तू कोण रे टिकोजीराव? हो बाजूला!"

पुतण्या सरकला. मग सगळेच सरकले. बा खापर घेऊन त्या वाटेने गेला आणि त्याने होळी लावली.

ज्वाळा वर गेली तसा याने सवयीने फुटका कॅमेरा डोळ्याला लावला, डावा हात वर केला. "परत ए..." म्हणाला आणि थांबला. सगळा माळ हसला. बासुद्धा हसला. मी हसले नाही. उलटा हात तोंडावर मारून त्याच्या नावाने सणसणीत बोंब मारली. माझा राग काही एका धक्काबुक्कीने फिटणारा नव्हता. तो आगीच्या पलीकडून बघत होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, पावती दिल्यासारखी.

त्या होळीचा लेख चार ओळींचा होता. 'या वर्षी फोटो नाही. विस्तव पाड्यावरून आला. मी वेळेवर होतो. मी पाहिला.' खाली कोणी हात जोडले नाहीत. लोकांना फोटो लागतो.

श्रावणात त्याच्या पानावर त्याच्या बायकोने दोन ओळी लिहिल्या. कारखान्यातून घरी आला, छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते, तिथेच वाचलं. बाजवळ मोबाइल नाही. मी त्याला सांगितलं नाही. विषयच काढला नाही, झालं.

यंदा होळीला बा न बोलावता आला. खापर घेतलं, वेशीतून गेला, माणसं सरकली. पुतण्याही सरकला. माळावर होळीपुढे बा उभा राहिला आणि लावीचना. एकदा वाटेकडे बघतो, एकदा खापराकडे. माणसं चुळबुळायला लागली. राखेखालचा विस्तव विझायला आला असेल या धास्तीने मी पुढे झाले.

"बा, लाव की."

"थांब गो जरा. त्याला येळ होतो."

सगळ्या गावापुढे, ज्या मानासाठी तो होळीच्या रात्री उपाशी राहिला होता, तो मान हातात धरून माझा बाप त्या मेल्याची वाट बघत होता.

"तो नाय येणार, बा," मी म्हणाले. "श्रावणातच गेला."

बाने माझ्याकडे बघितलं. रागावला असेल असं वाटलं. मग तो वाकला, राख बाजूला फुंकली आणि होळी लावली.

मला तो माणूस आवडत नव्हता, आजही आवडत नाही. मी उलटा हात तोंडाशी नेला आणि त्याच्या नावाने बोंब मारली, घसा फुटेस्तोवर. शेजारी कोणीतरी तेच नाव घेतल्याचं ऐकू आलं. बा होता. कधी कोणाच्या नावाने न मारणारा माझा बा तोंडावर हात मारत होता, आणि त्याचे गाल ओले होते.

आवाज विरल्यावर त्याने डोळे पुसले आणि डावा पंजा वर केला.

"परत एकदा, पोरी."